पावसाळ्यात लाकडी बाण भरकटतात: काडी आणि धनुष्याची जुळणी कशी तपासावी

जूनचा दुसरा आठवडा उलटला की गोव्यात पारंपरिक धनुष्य वापरणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते. हिवाळ्यात एका जागी बसणारे लाकडी बाण आता उजवीकडे सरकतात. काही शेपूट हलवत जातात आणि डझनातला एखादा कुठे जाईल याचा नेम नसतो. मग कोणी निशाणा डावीकडे धरू लागतो, कोणी दोरी सोडण्याची पद्धत बदलतो, कोणी नवे बाण मागवतो. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, बाण पुन्हा जागेवर येतात आणि आता हाताला लागलेली डावीकडची सवय त्रास देते. पुढच्या जूनमध्ये हेच सगळं पहिल्यापासून.

२०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. तेव्हापासून माझ्याकडे याबद्दल विचारायला येणारी मुलं वाढली आहेत. फोंडा, डिचोली, सत्तरी अशा भागांतून येतात. हातात बहुधा बाहेरून मागवलेलं फायबरग्लासचं लाँगबो, म्हणजे उंच, साधं पारंपरिक धनुष्य, असतं आणि सोबत त्याच दुकानातून आलेले लाकडी बाण. सगळ्यांना मी एकच सांगतो: निशाणा बदलू नका, आधी काडी, म्हणजे बाणाचा लाकडी दांडा, मोजा. बाण सातत्याने एकाच बाजूला जात असेल तर काडीचा ताठपणा आणि धनुष्याचा जोर यांचा मेळ बसलेला नाही, असं धरून चाला. गोव्यात तर हा मेळ एकदा बसवून भागत नाही, कारण काडी हवेतलं पाणी पिते.

खाली सगळीकडे उजव्या हाताने दोरी ओढणारा धनुर्धर धरला आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.

काडी वाकते म्हणूनच बाण सरळ जातो

पारंपरिक धनुष्यात बाण मधोमध नसतो, मुठीच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो. दोरी मात्र सुटल्यावर मुठीच्या मध्याकडे धावते. काडी अजिबात वाकली नाही तर तिचं टोक डावीकडेच जाणार. प्रत्यक्षात दोरीचा धक्का बसताच काडी लवते, मुठीला वळसा घालून निघते आणि पुढे काही अंतर मासळीच्या शेपटीसारखी डावी-उजवी होत शांत होते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात अतिवेगवान छायाचित्रणाने हे लवणं टिपलं आणि कित्येक वर्षांचा वाद मिटवला.

यातून निदानाचा पाया मिळतो. काडी गरजेपेक्षा ताठ असेल तर ती पुरेशी वळत नाही. बाण डावीकडे लागतो आणि बऱ्याचदा मुठीवर टक्क असा आवाज येतो. काडी गरजेपेक्षा मऊ असेल तर जास्त लवते आणि बाण उजवीकडे जातो. या ताठपणाला सगळे स्पाइन म्हणतात आणि तो पौंडांत सांगतात, मीही तोच शब्द वापरतो.

आता आपल्या हवेचा विचार करा. जुलैत पणजीत सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत असते, वाळपईच्या बाजूला कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, राहणाऱ्यांना तर वेगळं सांगायलाच नको. ६५ टक्के आर्द्रतेत लाकडात साधारण १२ टक्के पाणी असतं. हवा ८५ च्या वर राहिली की ते हळूहळू १८ टक्क्यांकडे जातं. पाण्याने लाकूड मऊ होतं आणि जडही होतं, आणि या दोन्ही गोष्टी काडीला एकाच दिशेने ढकलतात: ती जास्त लवते. माझ्याकडच्या स्पाइन-मापकावर पॉलिश नसलेली काडी ऐन पावसाळ्यात दोन-तीन पौंड खाली आलेली दिसते. वरून काडी सगळ्या बाजूंनी सारखं पाणी पीत नाही, म्हणून बाकही येतो. फायबरग्लासच्या धनुष्याचा जोर मात्र जवळपास तसाच राहतो. म्हणून बाण उजवीकडे. बांबूचं धनुष्य वापरणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांचं धनुष्यही पावसात थोडं ढिलं पडतं, त्यामुळे कधी कधी जोडी टिकून राहते, बाण फक्त खाली लागतात.

हे तुमच्या बाबतीत घडतंय की नाही, ते ओळखायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वजनकाटा. सोनार वापरतात तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. फेब्रुवारीत प्रत्येक बाणाचं वजन करून पिसांच्या पुढे बारीक अक्षरात काडीवरच लिहून ठेवा. जुलैत पुन्हा वजन करा. सुमारे २६ ग्रॅमची काडी १२ वरून १८ टक्क्यांवर गेली तर ती जवळपास १.४ ग्रॅमनी जड होते. वाढलेलं वजन म्हणजे सगळं पाणीच, दुसरं काही नाही. वजन तसंच असेल आणि तरी बाण भरकटत असेल तर दोष हवेचा नाही, पुढे वाचा.

मुळात जुळणी बरोबर होती का?

पावसाळ्याला दोष देण्याआधी कोरड्या हवेतली जुळणी तपासायला हवी, कारण निम्म्याहून अधिक वेळा ती तिथेच चुकलेली मला दिसते. कारण असं: धनुष्यावर लिहिलेले पौंड २८ इंच ओढीवरचे असतात. आपल्याकडचे बरेच जण २६ किंवा २६.५ इंचच ओढतात. एक इंच कमी ओढलं की दोन-अडीच पौंड कमी होतात. म्हणजे ४५ लिहिलेलं धनुष्य तुमच्या हातात ४० चंच असतं. दुकानदार मात्र धनुष्यावरचा आकडा बघून ४५-५०च्या काड्या पाठवतो.

स्वतःची ओढ मोजायला एक लांब, हलकी काडी दोरीला लावा, रोजच्यासारखं गालापर्यंत ओढा आणि सोबत्याला धनुष्याच्या पुढच्या कडेशी काडीवर पेन्सिलीने खूण करायला सांगा. ही काडी सोडायची नाही, हळूच परत आणायची. दोन-चार वेळा करा, दमल्यावरही एकदा करा. मग त्या ओढीवरचा जोर मोजायला प्रवासाची बॅग तोलायचा हुक असलेला काटा पुरतो. दोरी त्या हुकात अडकवून खुणेपर्यंत ओढायची आणि आकडा वाचायचा. काटा किलो दाखवत असेल तर २.२ ने गुणा.

समजा, तुमच्या ओढीवरचा जोर ४० पौंड निघाला. आता त्यात वजाबाकी-बेरीज. धनुष्याची खिडकी (मुठीच्या वर बाणासाठी कापलेली खाच) मध्यापर्यंत कापलेली नसेल, म्हणजे बाण मध्यापासून बराच डावीकडे बसत असेल, तर ५ पौंड कमी करा. खिडकी नसलेल्या साध्या बांबूच्या धनुष्याला १० पर्यंत कमी करावे लागतात. बाण २८ इंचापेक्षा जितके इंच आखूड, तितके प्रत्येकी ५ पौंड कमी, लांब असेल तर तितकेच जास्त. हा हिशोब १२५ ग्रेनचं टोक, म्हणजे साधारण ८.१ ग्रॅम, आणि डॅक्रॉनची, म्हणजे थोडी ताणणारी, दोरी धरून आहे. न ताणणारी आधुनिक दोरी असेल तर ५ वाढवा. तर ४० पौंड, खिडकी अर्धवट, बाण २७ इंच: ४० वजा ५ वजा ५, म्हणजे ३० ते ३५ स्पाइनपासून सुरुवात. आणि हातात असतात ४५-५०च्या काड्या! असे बाण उन्हाळ्यात डावीकडे जातात आणि पावसाळ्यात थोडे सुधारल्यासारखे वाटतात. हे लक्षण दिसलं की समजावं, काडी पहिल्यापासूनच ताठ होती.

हा हिशोब फक्त सुरुवात देतो. शेवटचा निकाल बाण मारूनच लागतो.

घरी स्पाइन मोजणं

यासाठी यंत्र विकत घ्यायची गरज नाही. एका फळीवर बरोबर २६ इंचांच्या अंतरावर, म्हणजे ६६ सेंटिमीटरवर, दोन खिळे मारा. काडी त्यांवर आडवी ठेवा आणि मधोमध २ पौंड, म्हणजे ९०७ ग्रॅम वजन टांगा. पाण्याची बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून हुकासकट ९०७ ग्रॅम होईपर्यंत पाणी ओतलं की वजन तयार. काडी मध्यावर किती मिलिमीटर खाली आली ते बघा. ६६० ला त्या मिलिमीटरनी भागलं की पौंडातला स्पाइन मिळतो. १३.२ मिमी म्हणजे ५०, १४.७ म्हणजे ४५, १६.५ म्हणजे ४०, १८.९ म्हणजे ३५, आणि २२ मिमी म्हणजे ३०.

एका पौंडाचा फरक ०.३ ते ०.७ मिलिमीटर एवढाच असतो, त्यामुळे डोळ्यांनी पट्टीवर वाचून भागत नाही. व्हर्नियर वापरा. वजन लावण्याआधीची जागा आधी नोंदवा, कारण काडीला मुळात बाक असेल तर आकडा फसवतो. कार्बनच्या बाणांवर लिहिलेले ५००, ६०० हे आकडे वेगळ्या अंतरावर आणि वेगळ्या वजनाने मोजलेले असतात, ते इथे मिसळू नका.

काडी मापकावर कशीही ठेवायची नाही. गोल काडी हातात फिरवून बघा. समोरासमोरच्या दोन बाजूंना जवळजवळच्या समांतर रेषा दिसतात आणि उरलेल्या दोन बाजूंना ज्वाळांसारखे रुंद आकार. रेषांची बाजू सर्वांत ताठ असते आणि बाण धनुष्याला तीच बाजू टेकवून सुटतो. म्हणून मोजतानाही रेषांची बाजू वर हवी. नॉक, म्हणजे बाणाच्या मागचं दोरीत अडकणारं टोपण, चिकटवताना त्यातली दोरीची खाच काडीच्या टोकावर दिसणाऱ्या वर्तुळांना आडवी छेदेल अशी बसवा. ज्वाळांच्या टोकांचंही एक पथ्य आहे: बाणाच्या वरच्या अंगावर ती टोकं पुढे, निशाण्याकडे रोखलेली हवीत. कधी काडी सुटतानाच तुटली तर तिचा भाला वर जातो, धनुष्य धरलेल्या हातात घुसत नाही. हार्डवेअरच्या दुकानातल्या गोल दांड्यांमध्ये रेषा बहुधा तिरप्या बाहेर पडलेल्या असतात. अशा दांडीचा बाण करूच नये. स्वस्त मिळते म्हणून हाताचा जुगार खेळू नका.

डझनभर बाणांत ५ पौंडांपेक्षा जास्त तफावत नको, आणि वजनात सव्वा ग्रॅमच्या आत राहा. एकूण वजन धनुष्याच्या प्रत्येक पौंडामागे ८ ते १० ग्रेन ठेवा. ४० पौंडांना ३२० ते ४००, म्हणजे साधारण २१ ते २६ ग्रॅम. त्याहून हलका बाण लाकडी धनुष्याला कोरडा झटका देतो.

आधी वर-खाली, मग डावं-उजवं

चाचणीचा हा क्रम मोडू नका. ब्रेस हाइट, म्हणजे मुठीच्या खोलगट जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर, धनुष्य बनवणाऱ्याने सांगितल्याइतकं आहे का ते पहिलं बघा. लाँगबोला बहुधा साडेसहा ते साडेसात इंच, रिकर्व्हला, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याला, त्याहून थोडं जास्त. दोरी ताणून लांबते आणि हे अंतर कमी होतं. दोरीला काही पीळ वाढवले की भरून निघतं.

मग दोरीवरची नॉकची खूण. काटकोनापेक्षा १२-१३ मिलिमीटर वर बांधून सुरुवात करा. बाण शेपूट वर-खाली करत जात असेल तर ही खूण चुकली आहे. नेहमी वरून खाली या, एका वेळी दीड मिलिमीटर. खूण फार खाली असेल तर बाण शेल्फवर, म्हणजे तो टेकतो त्या कठड्यावर, आपटून उसळतो आणि खूण वर असल्याचं खोटं लक्षण दाखवतो.

डाव्या-उजव्यासाठी बिनपिसांचा बाण मारायचा. पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी मागे गुंडाळा आणि दहा मीटरवरून, भाताच्या गवताच्या जाड, मऊ गठ्ठ्यावर मारा. जांभ्याच्या गडग्यासमोर किंवा कडक पाटीवर बिनपिसांचा लाकडी बाण मारू नका, तिरका लागला की मोडतो. पिसांच्या बाणांच्या तुलनेत तो डावीकडे लागला तर काडी ताठ, उजवीकडे लागला तर मऊ. एका बाणावर निकाल देऊ नका, त्याच दिशेला पुन्हा पुन्हा जातोय का बघा.

इथे एक फसवणूक वारंवार होते. खूपच मऊ काडी मुठीवर आपटून डावीकडे उडते आणि ताठ असल्यासारखी दिसते. शंका असेल तर मुठीच्या त्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवा, पिसांना आणि काडीच्या मागच्या भागाला पिंजरीचा हलका हात लावा आणि एक बाण मारा. कागदावर रंग लांब ओढलेला दिसला तर काडी किंवा पिसं घासतायत. घासणं थांबल्याशिवाय डाव्या-उजव्याचा निकाल खरा मानू नका.

काडी ताठ ठरली तर जड टोक लावा, १२५ ऐवजी १४५ ग्रेन. किंवा मुठीच्या बाजूची चामड्याची पट्टी पातळ करा. मऊ ठरली तर हलकं टोक, १०० ग्रेन, किंवा पट्टी थोडी जाड. काडी कापून आखूड केली की ती ताठ होते, पण हा उपाय परत फिरवता येत नाही.

म्हणूनच गोव्यासाठी माझा ठाम नियम: जून ते सप्टेंबर काडीला करवत लावायची नाही. जुलैत मऊ वाटलेली काडी अर्धा इंच कापली, तर जानेवारीत ती ताठ होऊन डावीकडे जाणार. त्याऐवजी टोकं गरम करून लावायच्या गोंदाने बसवा, म्हणजे मंद आचेवर धरून काढता येतात. कोरड्या दिवसांत १२५ आणि पावसात १०० ग्रेन, एवढ्या अदलाबदलीत बहुतेकांचे बाण मध्यावर येतात. टोक गरम करताना पक्कडीने धरा आणि लाकूड करपू देऊ नका.

पाणी आत जाऊच नये म्हणून

जवसाच्या तेलाने काडी छान दिसते, पण हवेतली वाफ ते फारशी अडवत नाही. लाखेचं पॉलिश वाफ चांगली अडवतं, पण पावसाचे थेंब बसले की पांढरं पडतं. मी पॉलियुरेथेनचे पातळ तीन हात देतो, दोन हातांच्या मध्ये बारीक पॉलिशपेपर. खरी गळती काडीच्या दोन टोकांना असते. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि पाणी अंगापेक्षा कितीतरी वेगाने आत जातं. नॉकखालचा निमुळता भाग आणि टोकाच्या आतला भाग यांना पॉलिश दिल्याशिवाय काहीही चिकटवू नका. टोकाकडे मात्र अगदी पातळ हात, नाहीतर गोंद धरत नाही.

बाण भिंतीला तिरके टेकवून ठेवू नका, आठवड्यात बाक येतो. नॉककडून उभे टांगा, किंवा आडवे ठेवायचे तर तीन ठिकाणी आधार द्या. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरता येतात. भिजलेले बाण उन्हात किंवा चुलीजवळ ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा. एक बाजू आधी सुकते आणि काडी तिकडे ओढली जाते. सावलीत, वारा लागेल असे टांगून सुकवा आणि काडीवर लिहिलेल्या वजनापर्यंत येऊ द्या.

बाक आलाच तर काडीवरून डोळा लावून फुगीर जागा शोधा, तो भाग हाताला सोसवेल इतपत गरम करा, अंगठ्याने उलट दिशेला दाबून थंड होईपर्यंत धरा. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करावं लागलं तर त्यात विशेष काही नाही. काडी सरळ करण्याआधी आणि रोज मारण्याआधीही ती तोंडापासून लांब धरून चारी बाजूंनी हलकी वाकवा आणि कान द्या. कडकड ऐकू आली तर ती मोडून टाका. चिकटवून पुन्हा वापरायची नाही.

पिसांचं थोडक्यात: भिजलेलं पीस काडीला चिकटतं आणि बाण सावरायचं काम सोडून देतं. एका बाणावर डाव्या आणि उजव्या पंखाची पिसं मिसळू नका.

एकच बाण ऐकत नसेल तर

बाकी सगळे बसतात आणि एकच भरकटतो, अशा वेळी धनुष्याला हात लावू नका. तो बाण टेबलावर लोळवून टोक डुलतंय का बघा. नॉक तिरका चिकटलाय का बघा. नॉक दोरीवर फार घट्ट बसतो का तेही बघा: दोरीला लटकवलेला बाण बोटाच्या हलक्या टिचकीने सुटला पाहिजे. हे सगळं ठीक असेल तर मापकावर घ्या. स्पाइन जुळत असेल तर नॉक गरम करून अर्धा फेरा फिरवा. त्यासोबत ज्वाळांची टोकं उलटी होतात, म्हणून ही फक्त निदानाची चाचणी. हाताला जाड संरक्षक पट्टा बांधून एकदा-दोनदा मारा आणि परत पूर्ववत करा. तरीही फरक पडत नसेल तर तो बाण डझनातून काढून टाका. लाकडात आतून काही असेल ते शोधत बसण्यापेक्षा नवी काडी जुळवणं सोपं.

नवीन काड्या मागवताना विक्रेत्याला धनुष्यावरचा आकडा कळवू नका. तुमच्या ओढीवर प्रत्यक्ष मोजलेला जोर, ओढीची लांबी, बाणाची लांबी, टोकाचं वजन, दोरीचा प्रकार आणि खिडकी मध्यापासून किती मिलिमीटर दूर आहे, एवढं लिहा. हिशोबाने निघालेल्या स्पाइनच्या तीन काड्या आणि ५ पौंड खालच्या तीन काड्या आधी घ्या, डिसेंबर ते मार्चमध्ये मारून बघा, आणि मगच डझन मागवा. पावसाळ्यात पार्सल आलं तर काड्या उघडून निदान दोन आठवडे कोरड्या कपाटात ठेवा. वजन उतरायचं थांबलं की मोजायला घ्या.